‘जमणार नाही’ म्हणून सांगितलेल्या गोष्टी

२०१५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या एका अपील न्यायालयाने एक निकाल दिला. एका मोठ्या मोटार कंपनीत काम करणाऱ्या महिलेला आतड्याचा विकार होता. दुखणं बळावलं की गाडी चालवत कामावर पोहोचणंही तिला अशक्य व्हायचं. तिने आठवड्यातले चार दिवसांपर्यंत घरून काम करण्याची परवानगी मागितली आणि कंपनीने ती नाकारली. प्रकरण न्यायालयात गेलं. आठ विरुद्ध पाच अशा बहुमताने न्यायाधीशांनी कंपनीच्या बाजूने कौल दिला. नियमितपणे कामाच्या जागी हजर राहणं हा तिच्या कामाचा गाभाच आहे, असं त्यांचं म्हणणं पडलं.

पुरती पाच वर्षं उलटायच्या आत, मार्च २०२० मध्ये, जगभरातली कोट्यवधी माणसं आपलं टेबलखुर्चीवरचं काम घरी घेऊन गेली. कुणाला खटला भरावा लागला नाही, कुणाला वैद्यकीय दाखला जोडावा लागला नाही. काही कचेऱ्यांनी आठवड्याभरात सगळी घडी बसवली, काहींनी दोन दिवसांत. एका आजारी बाईसाठी जे होण्यासारखं नव्हतं, ते सगळ्यांवर वेळ येताच झालं.

महामारीनंतरच्या आयुष्यात ध्यानीमनी नसताना काय चांगलं हाती लागलं, याचा विचार करायला बसलं की मला हीच गोष्ट पहिल्यांदा आठवते. आणि खरं सांगायचं तर आनंदाच्या आधी राग येतो. इतकी वर्षं ‘नाही’ म्हणणाऱ्यांनी प्रयत्न तरी करून पाहिला होता का?

या विषयावर लिहिताना एक भान ठेवायलाच हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत मिळून जगात सुमारे १ कोटी ४९ लाख जादा मृत्यू झाले. काही करोनाने थेट, काही त्या काळात इतर उपचार न मिळाल्यामुळे. ज्याच्या घरातलं माणूस शेवटची भेटही न होता गेलं, त्याच्यासमोर ‘पण बघा, त्यातून किती चांगलंही झालं’ असं म्हणणं क्रूर आहे. हानी एका तागडीत आणि लाभ दुसऱ्या तागडीत टाकून हिशेब मांडण्याची ही गोष्टच नाही. घरून काम करायला मिळालं म्हणून कुणाचा बाप परत येत नाही.

म्हणून माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. महामारीने आपल्याला काहीही दिलेलं नाही. चांगल्या म्हणून आज आपण ज्या गोष्टी मोजतो, त्यांतल्या बहुतेक आधीपासून आपल्या आवाक्यात होत्या. तंत्र होतं, ज्ञान होतं, पुष्कळदा पैसाही होता. अडत होतं ते ‘असं कधी झालेलं नाही’ या एका उत्तरापाशी. संकटाने ते उत्तर काही महिन्यांसाठी निरुपयोगी केलं, इतकंच. त्यामुळे सापडलेलं चांगलं ही नशिबाची मेहरबानी मानून स्वस्थ बसता येत नाही. ते टिकवायचं की सोडायचं हा सार्वजनिक निर्णय आहे, आणि तो आत्ता, आपल्या नकळत, बहुतेक ठिकाणी ‘सोडायचं’ असाच घेतला जातो आहे.

यात सगळंच टिकण्यासारखं नव्हतं, हे मान्य. टाळेबंदीच्या वसंत ऋतूत माणसांच्या वर्दळीमुळे जमिनीत उमटणारी कंपनं काही काळ निम्म्यापर्यंत खाली आली. भूकंपमापकांवर ते स्पष्ट दिसलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्यांना आढळलं, की वाहनांचा गोंगाट ओसरल्यावर तिथल्या डोक्यावर पांढरे पट्टे असलेल्या चिमण्यांनी आवाज खाली आणला, त्यांचं गाणं जास्त सफाईदार झालं आणि हळू गाऊनही दुप्पट अंतरावर ऐकू जाऊ लागलं. फार सुंदर गोष्ट आहे ही. पण ती आपण काही केल्यामुळे घडली नाही, आपण घरात कोंडले गेल्यामुळे घडली. दार उघडलं आणि ती संपली. जगाचं कार्बन उत्सर्जनही २०२० मध्ये पाच टक्क्यांहून थोडं अधिक घटलं आणि पुढच्याच वर्षी जवळजवळ सगळं भरून निघालं. माणसांना डांबून मिळालेली स्वच्छ हवा टिकत नाही, आणि टिकावी असं म्हणताही येणार नाही. मी बोलतो आहे ते दुसऱ्या प्रकारच्या गोष्टींबद्दल. कुणीतरी निर्णय घेतला, सही केली, नियम शिथिल केला, खिडकी उघडली, म्हणून घडलेल्या गोष्टींबद्दल.

विज्ञानातल्या यशाचं कौतुक भरपूर झालं आहे, त्यामुळे तिथे फार रेंगाळत नाही. विषाणूची जनुकीय रचना जानेवारी २०२० मध्ये जगापुढे आली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये चाचण्यांच्या बाहेरच्या सामान्य माणसांना एमआरएनए लस मिळू लागली. पण या लशीला आवश्यक असलेला कळीचा शोध कातालिन कारिको आणि ड्रू वाइसमन या शास्त्रज्ञांनी २००५ मध्येच प्रसिद्ध केला होता. त्याआधी कित्येक वर्षं कारिको यांचे निधीसाठीचे अर्ज फेटाळले जात होते, १९९५ मध्ये त्यांना नोकरीत खालच्या पदावर आणलं गेलं होतं. २०२३ मध्ये त्या दोघांना नोबेल मिळालं. ज्ञान होतं, त्याची गरज आपल्याला दिसत नव्हती. ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ या मोठ्या चाचणीनेही असंच काहीसं दाखवलं. डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त, कुठेही मिळणारं औषध. व्हेंटिलेटरवरच्या करोनारुग्णांमधले मृत्यू ते सुमारे एक तृतीयांशाने कमी करतं, हे चाचणी सुरू झाल्यापासून शंभर दिवसांच्या आत कळलं. एरवी अशा चाचणीची कागदपत्रं पूर्ण व्हायलाच याहून जास्त वेळ जातो. नेहमीच्या वॉर्डात, नेहमीच्या डॉक्टरांनी, मोजकी माहिती नोंदवून हे केलं. मग इतर आजारांसाठी ही पद्धत नेहमीची का असू नये?

पण ज्या एका गोष्टीसाठी मला हा लेख लिहावासा वाटला, ती आहे हवा. बंद खोलीतली, रोजची, आपल्या फुप्फुसात जाणारी हवा.

२८ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने समाजमाध्यमांवर ठाम शब्दांत जाहीर केलं, की करोना हवेतून पसरत नाही. त्या सुमारास आपण काय करत होतो ते आठवून पाहा. दाराच्या कड्या पुसत होतो, पिशव्या धुवत होतो, पाकिटं उन्हात टाकत होतो, आणि खिडक्या मात्र बंद. त्या जुलैमध्ये लिडिया मोराव्हस्का आणि डोनाल्ड मिल्टन या दोन शास्त्रज्ञांनी लिहिलेल्या खुल्या पत्राला २३९ जणांनी पाठिंबा दिला. श्वासातून, बोलण्यातून बाहेर पडणारे सूक्ष्म कण हवेत तरंगत राहतात, खोलीभर पसरतात, त्यांची दखल घ्या, असं त्यांचं सांगणं होतं. ते पूर्णपणे पचनी पडायला वर्षं लागली. संघटनेने हवेतून होणाऱ्या संसर्गाची परिभाषाच नव्याने बांधली ती एप्रिल २०२४ मध्ये. उशीर झाला, त्याची किंमत माणसांनी मोजली. तरीही संसर्गाबद्दलची शतकभराची एक ठाम समजूत आपल्या डोळ्यांदेखत बदलली, हे मी या काळातलं फार मोठं संचित मानतो.

याचा अर्थ कागदावर वाचून कळत नाही. तळहाताएवढं एक यंत्र मिळतं, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण दाखवणारं. बाहेर मोकळ्यावर ते दहा लाख भागांत साधारण ४२० दाखवतं. आपल्या उच्छ्वासात हे प्रमाण ४० हजारांच्या आसपास असतं. म्हणजे खोलीतला आकडा जितका चढा, तितका आपण इतरांनी सोडलेला श्वास परत आत घेतो आहोत. असं यंत्र मी एकदा एका लांबलेल्या बैठकीत टेबलावर ठेवलं. दारं बंद, वातानुकूलन चालू, पंधरावीस माणसं. सुरुवातीला आकडा सातशेच्या घरात होता. चर्चा तापत गेली तसा तो हजार, तेराशे, सतराशे असा चढत गेला आणि दोन हजारांच्या पुढे गेला. दोन हजार म्हणजे आत येणाऱ्या दर पंचवीस श्वासांमागे साधारण एक श्वास दुसऱ्या कुणाच्या तरी छातीतून नुकताच बाहेर आलेला. खोली गार होती, सुगंधी फवाराही मारलेला होता, त्यामुळे हवा कोंदट आहे असं कुणालाच वाटलं नव्हतं. फक्त डोळे जड झाले होते आणि दोघातिघांनी जांभया दिल्या होत्या. मग एकाने उठून समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडल्या. पाच मिनिटांत आकडा नऊशेवर आला. त्या दिवसापासून कुठल्याही खोलीत शिरलो की माझी नजर आधी खिडक्या शोधते.

आणि हा प्रश्न करोनापुरता नाहीच. त्या दोन वर्षांत मास्क, अंतर आणि मोकळी हवा यांमुळे फ्लूचा हंगाम जगाच्या बऱ्याच भागांत जवळपास आलाच नाही. फ्लूच्या विषाणूची एक शाखा, बी-यामागाता नावाची, मार्च २०२० नंतर जगात कुठेही खात्रीलायकरीत्या आढळलेली नाही. ती बहुधा नामशेष झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी फ्लूच्या लशीतून तिला वगळायला सांगितलं. तिला संपवायचं असं कुणी ठरवलं नव्हतं, दुसऱ्याच विषाणूशी लढताना ती संपली. हिवाळ्यात सर्दीखोकला व्हायचाच, मुलं शाळेत गेली की आजारी पडायचीच, वृद्धाश्रमात फ्लूची लाट यायचीच, असं आपण इतकी वर्षं धरून चाललो होतो. त्यातला किती भाग खरोखर अटळ होता?

नळाचं पाणी गढूळ आलं तर ‘ज्याचं त्याने गाळून प्यावं’ असं कुठलंही शहाणं प्रशासन म्हणत नाही. हवेच्या बाबतीत आपण अजून तिथेच आहोत. ज्याला भीती वाटते त्याने मास्क लावावा, बाकीच्यांनी विसरून जावं. वास्तविक उपाय महागडे नाहीत. रिचर्ड कोर्सी आणि जिम रोझेनथल यांनी २०२० मध्ये सुचवलेली हवा गाळणारी पेटी चार फिल्टर, एक चौकोनी पंखा, पुठ्ठा आणि चिकटपट्टी यांतून तासाभरात होते. शाळकरी मुलांनीही अशा पेट्या बनवल्या. वर्गात, दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात, न्यायालयात, बँकेत कार्बन डायऑक्साइडचा आकडा भिंतीवर सर्वांना दिसेल असा लावणं यात अवघड काय आहे? लिफ्टमध्ये किती माणसांनी चढावं याची पाटी असते. तशी खोलीत किती माणसांना पुरेल इतकी हवा येते, याची पाटी मला हवी आहे. महामारीत हे कळलं आणि संपताच आपण खिडक्या पुन्हा लावून घेतल्या, याचं मला राहून राहून वाईट वाटतं.

कामाच्या प्रश्नाकडे परत येतो, कारण तिथे आकडे बोलके आहेत. अमेरिकेत अपंग व्यक्तींपैकी रोजगारात असलेल्यांचं प्रमाण २०१९ मध्ये १९.३ टक्के होतं. २०२३ मध्ये ते २२.५ टक्क्यांवर गेलं. ही आकडेवारी २००८ पासून ठेवली जाते, आणि तोवरचा तो उच्चांक होता. मनुष्यबळाची टंचाई हे त्याचं एक कारण आहेच, पण घरून काम करण्याची मुभा हेही आहे. जिना चढण्याची, गर्दीच्या गाडीत शिरण्याची, दिवसभर वेदना लपवत खुर्चीत बसण्याची अट गळून पडल्यावर जी माणसं कामाला लायक ठरली, ती आधीही तितकीच लायक होती. ऑनलाइन बैठकीत बोलणं अक्षरांत उमटू लागलं, तेव्हा कमी ऐकू येणाऱ्या कितीतरी जणांना पहिल्यांदाच बैठकीतला प्रत्येक शब्द कळला. (मास्कमुळे ओठ वाचता येईनात, हा त्याच काळातला त्यांचा त्रासही खरा. एकाच काळाने एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने काढून घेतलं.)

आता ‘सगळ्यांनी परत या’ अशी फर्मानं निघत आहेत. प्रत्यक्ष भेटीतून जे शिकता येतं ते पडद्यावर येत नाही, नवख्या माणसाला ज्येष्ठांच्या शेजारी बसूनच काम उमगतं, हे मला पटतं. म्हणून संस्थांनी बोलवावं, जरूर बोलवावं. पण सरसकट हुकूम काढताना कुणाची नोकरी त्या एका ओळीने संपते आहे, याची विचारपूसही होत नाही, हे मला पटत नाही. २०२० पूर्वी ‘असं करून पाहिलेलंच नाही’ हे कारण निदान खरं होतं. आता तेही उरलेलं नाही.

इथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. घरून काम हे खुर्चीतल्या माणसांचं सुख. जो रस्ता झाडतो, जी रुग्णाची कूस बदलते, जो ट्रक चालवतो, जी दुकानात उभी राहून बिलं करते, त्यांना महामारीने काय चांगलं दाखवलं? त्यांच्यासाठी टाळ्या वाजल्या. त्यांना अत्यावश्यक म्हटलं गेलं. पगार, रजा आणि विमा यांच्या बाबतीत त्या शब्दाचं पुढे बहुतेक ठिकाणी काहीच झालं नाही. मी हे दडवून ठेवू इच्छित नाही. शाळांचंही तसंच. पडद्यावरच्या वर्गाचा फायदा काही मोजक्या मुलांना झाला असेल, पण जागतिक बँक आणि युनिसेफ यांच्या २०२२ च्या अंदाजानुसार गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत साधा मजकूर वाचून समजत नसलेल्या दहा वर्षांच्या मुलांचं प्रमाण ५७ टक्क्यांवरून ७० टक्क्यांपर्यंत गेलं. ऑनलाइन शाळेला ‘संधी’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा एकदा नीट वाचावा.

पण याच आक्षेपातून माझा मुद्दा आणखी घट्ट होतो. कारण सर्वांत गरीब माणसांच्या बाबतीतही त्या काळात एक गोष्ट सिद्ध झाली होती. मनात आणलं तर सरकारला त्यांच्यापर्यंत पोहोचता येतं. पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो या छोट्या देशाने एप्रिल २०२० मध्ये अनौपचारिक क्षेत्रातल्या लोकांना थेट मोबाइलवर पैसे द्यायला सुरुवात केली. त्यासाठी स्मार्टफोन लागत नव्हता, इंटरनेट लागत नव्हतं. साध्या बटणांच्या फोनवर एक क्रमांक फिरवून नोंदणी व्हायची. स्त्रियांना पुरुषांपेक्षा थोडी जास्त रक्कम मिळायची. इंग्लंडमध्ये मार्च २०२० मध्ये रस्त्यावर झोपणाऱ्या सगळ्यांना छताखाली आणायचं ठरलं. हॉटेलं रिकामीच होती, काही दिवसांत हजारो माणसं खोल्यांमध्ये होती. बेघरपणा हा गुंतागुंतीचा, पिढ्यान्‌पिढ्यांचा प्रश्न असल्याचं त्याआधी कैक अहवालांतून सांगितलं गेलं होतं. गुंतागुंतीचा तो आहेच. पण रात्री डोक्यावर छप्पर देणं हा भाग तितकासा गुंतागुंतीचा नव्हता.

सर्वांत जिव्हारी लागणारं उदाहरण मुलांच्या गरिबीचं आहे. अमेरिकेने २०२१ साली मुलं असलेल्या कुटुंबांना मिळणारी करसवलत वाढवली. ज्यांचं उत्पन्न कर भरण्याइतकंही नव्हतं त्यांनाही ती पूर्ण दिली आणि वर्षाच्या रकमेतली निम्मी सहा महिने हप्त्याहप्त्याने दरमहा बँकेत जमा केली. सरकारी मदत जमेस धरून काढलेला बालदारिद्र्याचा दर २०२० मध्ये ९.७ टक्के होता, तो २०२१ मध्ये ५.२ टक्क्यांवर आला. इतका कमी तो नोंदी सुरू झाल्यापासून कधीच नव्हता. वर्ष संपलं, तरतुदीची मुदत संपली, ती वाढवायला आवश्यक ती मतं जमली नाहीत. २०२२ मध्ये दर १२.४ टक्के. एका वर्षात दुपटीहून जास्त. त्या मुलांच्या आईबापांनी त्या वर्षात काही वेगळं केलं नव्हतं, ते जास्त आळशी झाले नव्हते. वरून एक सही झाली तेव्हा मुलं गरिबीतून वर आली, सही झाली नाही तेव्हा परत खाली गेली. गरिबी ही काही अंशी आपण निवडलेली गोष्ट आहे, याचा याहून स्वच्छ पुरावा मला माहीत नाही. चांगलं सापडणं आणि चांगलं हरवणं, दोन्ही इथे एकाच तक्त्यात, लागोपाठच्या ओळींत दिसतं.

माणसांच्या आतल्या बदलांबद्दल काही म्हणणं मला जास्त अवघड वाटतं. संकटातून गेल्यावर माणूस अधिक खोल, अधिक कृतज्ञ होतो, या अनुभवाला रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून या मानसशास्त्रज्ञांनी नव्वदच्या दशकात आघातोत्तर वाढ असं नाव दिलं. नंतरच्या संशोधनाने मात्र सावध केलं, की माणसं स्वतःत झालेला जो बदल सांगतात आणि प्रत्यक्षात मोजला जाणारा बदल, यांचा मेळ बऱ्याचदा बसत नाही. आपण दुःखाला अर्थ द्यायला धडपडतो आणि त्या धडपडीलाच बदल समजतो. मला त्यात काही लाजिरवाणं वाटत नाही. तरीही कुणावर ‘तू यातून काय शिकलास?’ असा प्रश्न लादू नये. काहीजण त्यातून काही शिकले नाहीत, फक्त वाचले. काहीजण अजून दीर्घ करोनाने, म्हणजे संसर्ग ओसरल्यावरही न हटणाऱ्या दुखण्याने, अंथरुणाला खिळलेले आहेत. त्या आजाराला नावही रुग्णांनीच २०२० मध्ये दिलं, वैद्यकशास्त्राच्या आधी. एकमेकांना न भेटता, दुखणी जुळवून पाहत, ‘हे मनाचे खेळ नाहीत’ असं त्यांनी ठासून सांगितलं. त्यांच्या त्या आवाजाला मी या काळातल्या चांगल्या गोष्टींमध्ये वरचं स्थान देईन.

एक गोष्ट मात्र सर्वेक्षणांत पुन्हा पुन्हा दिसली. २०२३ च्या जागतिक आनंद अहवालानुसार अनोळखी माणसाला मदत करणं, दान देणं, स्वयंसेवा करणं यांचं प्रमाण महामारीआधीपेक्षा सुमारे एक चतुर्थांशाने जास्त होतं. संकट आलं की माणसं एकमेकांच्या जिवावर उठतात, हे आपण फार काळ ऐकत आलो आहोत. प्रत्यक्षात बहुतेकांनी शेजारच्याचं दार वाजवलं. ‘लोक ऐकणार नाहीत, लोक गैरफायदा घेतील’ हे गृहीत धरून जे नियम बनतात, त्यांच्यावर पुन्हा विचार व्हायला एवढं कारण पुरेसं आहे.

गैरफायद्याच्या या भीतीबद्दल एक उदाहरण सांगण्यासारखं आहे. अफू, हेरॉइनसारख्या व्यसनातून बाहेर पडणाऱ्यांना मिथाडोन नावाचं औषध देतात. अमेरिकेत अर्धशतकभर नियम असा, की बहुतेक रुग्णांनी जवळजवळ रोज सकाळी केंद्रावर यायचं, रांगेत उभं राहायचं आणि कर्मचाऱ्यासमोर तो डोस गिळायचा. घरी दिलं तर विकतील, जास्त घेतील, मरतील, ही भीती. नोकरी, लहान मूल, लांबचा प्रवास, कशाचीही सबब नाही. मार्च २०२० मध्ये गर्दी टाळायची म्हणून स्थिर रुग्णांना २८ दिवसांपर्यंतचं औषध घरी न्यायला परवानगी मिळाली. मग काय झालं? व्यसनी पदार्थांच्या अतिसेवनाने झालेल्या मृत्यूंपैकी मिथाडोनचा संबंध असलेले २०१९ मध्ये ४.५ टक्के होते, २०२१ मध्ये ३.२ टक्के. पन्नास वर्षांची भीती होती, तिला आधार नव्हता. रोज पहाटे उठून रांग गाठणाऱ्या माणसाला पहिल्यांदा औषधाची बाटली घरी न्यायला मिळाली, तेव्हा त्याच्या मनात काय झालं असेल याची मी कल्पना करू शकतो. त्याच्यावर कुणीतरी विश्वास ठेवला होता.

पुढे जे झालं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ती सवलत गुपचूप संपू दिली गेली नाही. मुदतवाढ दिली, परिणाम तपासले, लोकांकडून हरकती आणि सूचना मागवल्या, आणि २०२४ मध्ये तो कायमचा नियम झाला. आणीबाणीतल्या प्रत्येक सवलतीला अशी चौकशी मिळायला हवी होती. सगळ्या सवलती टिकल्याच पाहिजेत असं मी म्हणत नाही. आणीबाणीत सरकारांनी माणसांच्या फिरण्यावर, जमण्यावर, खाजगी माहितीवर जे अधिकार घेतले, ते परत करायलाच हवेत आणि तेही विनाविलंब. त्यांच्या बाबतीत अधिकार ठेवू पाहणाऱ्याने कारण द्यावं. पण जिथे कुणाला दिलासा मिळाला होता, तिथे तो काढून घेणाऱ्याने कारण द्यावं, लेखी द्यावं, आकड्यांसह द्यावं. ‘आता सगळं पूर्वपदावर आलं’ हे कारण होऊ शकत नाही. पूर्वपद कुणासाठी बरं होतं, हाच तर प्रश्न आहे.

हे काम संसदेवर सोडून देण्याइतकं मोठं नाही. प्रत्येक कार्यालय, महाविद्यालय, रुग्णालय, ग्रंथालय यांना ते करता येईल. २०२० ते २०२२ या काळात आपण कोणकोणते नियम सैल केले होते याची यादी काढायची. त्यातले कुठले परत कडक केले, कधी, आणि ते कुणी ठरवलं, हे लिहायचं. दूरध्वनीवरून डॉक्टरांचा सल्ला, घरबसल्या अर्ज, परीक्षेची लवचीक तारीख, बाळंतपणात आणि आजारपणात अर्धवेळ काम, उघड्या खिडक्या. यादी लांबेल. मग ज्यांना त्या सवलतींचा उपयोग झाला होता त्यांना बोलावून विचारायचं. एरवी अशा बैठकांना ती माणसं नसतातच. कुणी अंथरुणावर असतं, कुणाला आजारी आईला सोडून येता येत नाही, कुणाला तिथवरचा प्रवास झेपत नाही. म्हणून त्या बैठकीत घरून सहभागी होण्याची सोय ठेवावी, बोललेलं अक्षरांत उमटेल अशी व्यवस्था करावी, आणि जे प्रत्यक्ष येतील त्यांच्यासाठी खोलीच्या खिडक्या उघड्या असाव्यात.